नोकरीतला ताण आणि बोलण्याची मुभा

कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्या एकत्र कालवल्या की उपायही चुकतात. पहिली गोष्ट साधा ताण. मार्चअखेर आली, ऑडिट लागले, त्यातच दोन माणसे रजेवर गेली की तो येतो आणि काम उरकले की बहुधा ओसरतो. दुसरी गोष्ट बर्नआउट, म्हणजे ताण महिनोन्‌महिने हटलाच नाही तर माणसाची होणारी अवस्था. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष आजार: नैराश्य, चिंताविकार, व्यसन किंवा त्याहून गंभीर काही. हे आजार नोकरीमुळेच होतात असे नाही. अनेकदा माणूस ते घेऊनच कामावर येतो, आणि तिथले वातावरण ते वाढवते किंवा आवरायला मदत करते.

बर्नआउटचे वर्णन १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी केले. मोफत दवाखान्यात रात्रंदिवस राबणारे उत्साही स्वयंसेवक काही काळाने थकलेले, चिडचिडे आणि रुग्णांविषयी कोरडे झालेले त्यांना दिसले. पुढे कॅलिफोर्नियातील क्रिस्टिना मास्लाक यांनी ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. ती १९८१ पासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली तीही तीन लक्षणांसह: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही. कामाशी निगडित घटना म्हटले आहे. हा भेद कागदी नाही. आजार असता तर तो माणसाचा ठरला असता आणि औषधही त्यालाच दिले गेले असते. घटना कामातली असेल तर दुरुस्ती कामात करावी लागते.

व्याप्तीचा अंदाज काही आकड्यांवरून येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, तरी इथले चित्र फार वेगळे असेल असे मानायला काही आधार नाही. विकार असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना कोणतेही उपचार मिळत नव्हते, हे त्या सर्वेक्षणातले अधिक बोलके निरीक्षण. म्हणजे दहा-बारा माणसांच्या कचेरीत निदान एक जण असा असण्याची शक्यता आहे की जो आजारी आहे, रोज कामावर येतो आहे आणि ज्याच्या आजाराची वाच्यता कुठेच झालेली नाही.

ताण कशाने येतो, याचे सोपे उत्तर ‘जास्त कामाने’ असे दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये असे मांडले की कामाचा बोजा आणि कामावरचा ताबा या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. बोजा मोठा आणि ताबाही मोठा असेल तर काम कष्टाचे असते, पण माणूस त्यात वाढतो. बोजा मोठा आणि ताबा शून्य असेल तर माणूस झिजतो. शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि ज्याची लघवीला जाण्याचीही मिनिटे मोजली जातात असा कॉल सेंटरमधला मुलगा, दोघेही दमतात. पण त्यांचे दमणे एका जातीचे नसते.

या मांडणीला लंडनमधील सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी बळ दिले. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून १०,३०८ कर्मचाऱ्यांचा माग ठेवला. मोठ्या साहेबांना ताण जास्त, म्हणून हृदयविकारही त्यांनाच जास्त, असा सर्वसाधारण समज होता. निघाले उलटे. हुद्दा जितका खालचा तितका हृदयविकाराचा धोका अधिक, आणि या फरकाचा मोठा वाटा कामावर ताबा नसण्याशी जोडलेला होता. जर्मनीतील संशोधक योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये आणखी एक कारण पुढे आणले: कष्ट आणि मोबदला यांचा न जमणारा हिशेब. मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही येते. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणारे शिक्षक, परिचारिका आणि पालिकेचे सफाई कामगार हा हिशेब कोणत्याही संशोधनाशिवाय जाणतात.

मुंबई पोलिसांचा एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. शहरातील पोलीस शिपायाची पाळी बारा तासांची धरली जाई. त्यात बंदोबस्त, कोर्टाची तारीख, सणवार आणि घरापर्यंतचा लोकलचा प्रवास धरला की दिवसात झोपेपुरतेही तास उरत नसत. वाढता रक्तदाब आणि मधुमेह, घरातली धुसफूस आणि अधूनमधून येणाऱ्या आत्महत्येच्या बातम्या हे त्याचे परिणाम सर्वांना ठाऊक होते. उपाय म्हणून तणावमुक्ती शिबिरे भरत. देवनार पोलीस ठाण्यातील एका कर्मचाऱ्याने मात्र वेगळे केले. आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या तीन पाळ्या कशा बसवता येतील, याचे वेळापत्रक त्याने स्वतः मांडले आणि ते थेट तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापर्यंत नेले. आयुक्तांनी ते बाजूला टाकले नाही. मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यातच त्याची चाचणी सुरू झाली आणि पुढे ती पद्धत शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आली. अंमलबजावणी सगळीकडे आणि सर्व काळ सारखी राहिली नाही. मनुष्यबळ अपुरे पडले की जुनी बारा तासांची सवय डोके वर काढते. तरी जानेवारी २०२२ मध्ये राज्यातील महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचे आदेश निघाले. या प्रकरणात दोन गोष्टी एकत्र आल्या. कामाची रचना बदलली, ही एक. शिस्तीची उतरंड इतकी कडक असलेल्या खात्यात शिपायाला आयुक्तांसमोर आपले म्हणणे मांडता आले, ही दुसरी. तिच्याकडे पुढे वळायचे आहे.

तासांचा प्रश्न स्वतंत्रपणेही गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. अशा दीर्घ कामाच्या तासांशी निगडित मृत्यूंचा २०१६ चा जागतिक अंदाज ७,४५,००० होता. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनंदिन मर्यादा १० तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि विश्वासाच्या पदांवरील कर्मचारी या कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहतात, आणि आयटी किंवा सल्लागार कंपन्यांत विशीतल्या मुलामुलींच्याही पदनामात ‘मॅनेजर’ हा शब्द सहज चिकटवला जातो.

पुण्यात जुलै २०२४ मध्ये एका बड्या लेखा व सल्लागार संस्थेतील २६ वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट तरुणीचा मृत्यू झाला. नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये जाहीर झाले आणि देशभर खळबळ उडाली. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे म्हणणे संस्थेने मान्य केले नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. राज्याच्या कामगार विभागाच्या पाहणीत असे आढळले की २००७ पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाची दुकाने कायद्याखाली नोंदणीच झालेली नव्हती. मृत्यूचे कारण काहीही असो, एवढ्या मोठ्या कार्यालयातील कामाच्या तासांवर इतकी वर्षे कायद्याची नजर नव्हती, हे त्या निमित्ताने उघड झाले.

आता बोलण्याच्या मुभेविषयी. व्यवस्थापनशास्त्रात तिला मानसिक सुरक्षितता म्हणतात. प्रश्न विचारला, शंका काढली, चूक कबूल केली किंवा वरिष्ठाच्या मताविरुद्ध बोलले तर आपला अपमान होणार नाही आणि आपल्यावर डूख धरला जाणार नाही, असा गटातील सगळ्यांचा समान विश्वास, असा तिचा अर्थ. ही एकेका माणसाच्या धिटाईची बाब नव्हे. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, एका गटात ती असते आणि शेजारच्या गटात नसते.

ती नसली तर काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण विमान वाहतुकीतले आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफच्या विमानतळावर दाट धुके होते. डच केएलएम कंपनीचे बोइंग ७४७ उड्डाणासाठी धावपट्टीवर उभे होते आणि पॅन अ‍ॅमचे दुसरे ७४७ त्याच धावपट्टीवर समोरून येत होते. केएलएमचे कॅप्टन हे कंपनीतील ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा दोनच महिन्यांपूर्वी त्यांनीच घेतलेली. कॅप्टननी उड्डाणाची घाई केली तेव्हा, अजून परवानगी मिळालेली नाही, हे सहवैमानिकाने एकदा लक्षात आणून दिले. पुन्हा वेग घेतला तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. फ्लाइट इंजिनिअरने मात्र विचारले की पॅन अ‍ॅमचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना. कॅप्टननी ठासून होकार दिला. पुढे कोणी काही बोलले नाही. काही सेकंदांत दोन्ही विमाने आदळली आणि ५८३ माणसे मेली. तिघांपैकी एकाच्या मनात रास्त शंका होती. ती प्रश्नाच्या रूपात, आणि एकदाच, बाहेर पडली. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी वैमानिकांना एक वेगळेच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली: कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत कशी मांडायची, आणि वरिष्ठाने ती ऐकून कशी घ्यायची. आज प्रवासी विमान वाहतूक जी सुरक्षित आहे, तिच्यात या प्रशिक्षणाचा वाटा मोठा मानला जातो.

संशोधनाच्या अंगाने हा विषय हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या नावाशी जोडला गेला आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, पीएच.डी. करत असताना, त्या रुग्णालयांतील औषधे देण्यातल्या चुकांच्या एका मोठ्या अभ्यासात होत्या. चांगल्या जुळलेल्या वॉर्डांत चुका कमी होत असणार, अशी त्यांची अटकळ होती. आकडे हाती आले तेव्हा चांगल्या वॉर्डांत चुकांचे प्रमाण जास्त दिसले. आकडेमोड तपासून झाली. तिच्यात खोट नव्हती. मग त्यांनी एका सहायकाला, त्याला यातले काहीही न सांगता, वॉर्डांत नुसते पाहायला पाठवले. काही वॉर्डांत परिचारिका चुकांविषयी मोकळेपणाने बोलत होत्या आणि त्या पुन्हा होऊ नयेत म्हणून काय करता येईल ते ठरवत होत्या. इतर ठिकाणी चूक झाली की बोलणी खावी लागत, त्यामुळे चुका झाकल्या जात होत्या. चांगल्या वॉर्डांत जास्त होत होती ती चुकांची नोंद. हा अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. १९९९ मध्ये एडमंडसन यांनी एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांवरून दाखवले की जिथे बोलण्याची भीती कमी तिथे गट शिकतो जास्त आणि कामही सरस करतो. गुगलने २०१२ पासून आपल्या १८० हून अधिक गटांचा अभ्यास केला. हुशार माणसे निवडून एकत्र बसवली की गट चालतो, हे गृहीतक त्यात टिकले नाही. कोण कोण गटात आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हे महत्त्वाचे ठरले, आणि उत्तम गटांच्या गुणांत मानसिक सुरक्षितता सगळ्यात वर निघाली.

मानसिक सुरक्षिततेचा अर्थ लाडावणे असा लावणारे व्यवस्थापक बरेच आहेत. माणसांना मोकळे सोडले की ती डोक्यावर बसतात, ही त्यांची भीती. एडमंडसन यांचे उत्तर असे की भीती कमी असणे आणि कामाची अपेक्षा उंच असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. दोन्ही नसतील तिथे माणसे हजेरी लावून घरी जातात. भीती नाही आणि अपेक्षाही नाही तिथे गप्पा छान रंगतात, काम होत नाही. अपेक्षा उंच आणि भीतीही मोठी असली की आकडे फुगवले जातात, बातम्या दडपल्या जातात आणि सगळे ठीक चालल्याचे अहवाल वर जात राहतात. आपल्याकडच्या विक्री विभागांचे आणि बँकांच्या शाखांचे चित्र बऱ्याचदा हेच असते. २०२३ मध्ये एका खासगी बँकेच्या ऑनलाइन बैठकीत वरिष्ठ अधिकारी टार्गेटवरून हाताखालच्यांवर आरडाओरड करत असल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि त्या अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले. बैठक सगळ्यांच्या ओळखीची होती, म्हणून तर ती इतकी फिरली.

भीतीला नेहमी आरडाओरड लागत नाही. सोमवारची आढावा बैठक घ्या. कोणीतरी सांगते की दिलेल्या मुदतीत हे काम बसणार नाही. साहेब कारण विचारत नाहीत. फक्त म्हणतात, ‘बाकीच्यांना कसं जमतं?’ दोन माणसे हसतात. एवढे पुरते. पुढच्या सोमवारी कोणीही मुदतीविषयी बोलत नाही आणि मुदत उलटून गेल्यावरच अडचण कळते. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला प्रश्न, त्याला पाच मिनिटांत ‘येस सर’ लिहिणाऱ्यांची रांग, आणि ज्याने सकाळी उत्तर दिले त्याच्याकडे पाहण्याची नजर, यांनीही तेच साधते. ‘आपण बरं नि आपलं काम बरं’ ही शहाणपणाची रीत लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. कचेरी तिला बक्षीस देत राहिली तर दोष एकट्या कर्मचाऱ्याला देता येत नाही. शिवाय ज्याला ‘हे जमणार नाही’ असे म्हणता येत नाही, त्याला ‘मला बरे वाटत नाही’ असे तर मुळीच म्हणता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणाऱ्याच्या मनाची खबर कोणाला लागणार? मानसिक आरोग्य आणि बोलण्याची मुभा हे दोन विषय एकमेकांना मिळतात ते इथे.

कंपन्यांचा नेहमीचा प्रतिसाद या दोन्हींना बगल देणारा असतो. ऑक्टोबरमध्ये जागतिक मानसिक आरोग्य दिनाला एक व्याख्यान, ध्यानाचे अ‍ॅप, बुधवारी योगवर्ग, आणि समुपदेशनाची एक हेल्पलाइन. यांतले काहीच वाईट नाही. पण ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली तेव्हा, ध्यान, ताण-व्यवस्थापन, आरोग्य अ‍ॅप अशा व्यक्तिकेंद्री उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही. स्वयंसेवी कामाची संधी हा एकच अपवाद निघाला. बारा तास बसवून ठेवायचे आणि मग श्वसनाचे व्यायाम शिकवायचे, यातली विसंगती कर्मचाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्या वर्गाला हजेरी सक्तीची केली तर ती विनोदाचाच विषय होते.

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या रचनेतील बदल, व्यवस्थापकांचे प्रशिक्षण आणि व्यक्तीला मदत हे तिन्ही आहे, आणि मुळाशी जाणारा मार्ग म्हणून रचनेतील बदलाला जागा दिली आहे. रचनेत नेमके काय पाहायचे, यासाठी ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेची २००४ पासूनची चौकट उपयोगी पडते. ती सहा बाजू तपासते: बोजा, ताबा, पाठबळ, आपसांतले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे केले जातात. कचेरीतल्या भाषेत सांगायचे तर काम माणसांच्या संख्येला झेपणारे आहे का; पाळ्या आणि रजा आधी कळतात का, की आदल्या रात्री बदलतात; एका माणसाला दोन साहेब परस्परविरोधी हुकूम देतात का; बदलीची किंवा विभाग बंद होण्याची बातमी आधी सांगितली जाते की चहाच्या टपरीवर कळते. यांतल्या बहुतेक दुरुस्त्यांना फार खर्च येत नाही. ज्या दुरुस्तीला येतो ती म्हणजे माणसे वाढवणे, आणि म्हणून तीच शेवटपर्यंत टाळली जाते.

व्यवस्थापकाचे वागणे हा यातला सर्वांत जवळचा दुवा. चूक सांगायला आलेल्याला आधी ‘बरे झाले सांगितलेस’ म्हणणे, आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे बैठकीत कबूल करणे, सर्वांत कनिष्ठाला आधी बोलायला लावणे आणि मग स्वतःचे मत देणे, चुकीची चौकशी ‘कोणी केले’ऐवजी ‘कसे घडले’ इथून सुरू करणे, हे ऐकायला किरकोळ वाटते. पण गट या गोष्टी टिपत असतो, आणि एकदा चारचौघांत केलेला पाणउतारा पुढच्या दहा चांगल्या वाक्यांनी पुसला जात नाही. मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांची स्वतःचीही गोची असते. वरून टार्गेट येते, खालून माणसे सोडून जातात, आणि दोन्हीकडची बोलणी त्यांनाच खावी लागतात. सहानुभूतीचे प्रशिक्षण देऊन त्यांचे टार्गेट तसेच ठेवले, तर ते प्रशिक्षण पहिल्या तिमाहीतच विरते.

एखादा सहकारी आजारी पडतो आहे हे ओळखण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. वेळेवर येणारा माणूस उशिरा येऊ लागतो, नीटनेटके काम करणाऱ्याच्या चुका वाढतात, डब्याला एकत्र बसणारा एकटा बसू लागतो, सोमवारची रजा वरचेवर पडते. अशा वेळी व्यवस्थापकाने निदान करू नये आणि उपदेशही करू नये. बंद दाराआड, घाई न करता, जे दिसले तेवढेच सांगावे, ऐकावे, आणि कामात काही हलके करता येईल का ते विचारावे. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला गेला तर ते थट्टेवारी नेऊ नये आणि माणसाला एकटे सोडू नये. सरळ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते. राज्यात ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा २०१२ पासून या क्षेत्रात आहे.

समुपदेशन कंपनीमार्फत असेल तर पहिली शंका गुप्ततेची येते, आणि ती रास्त असते. कोण फोन करते हे एचआरला कळणार असेल तर कोणीही फोन करत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचारांविषयीच्या गुप्ततेचा हक्क दिला आहे. तो मे २०१८ पासून लागू आहे. याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेपासून संरक्षण दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास किंवा त्याची पदावनती करण्यास सरकारी आस्थापनांना मनाई आहे. हे कलम खासगी क्षेत्राला तसे लागू नाही. तिथे बरा होऊन परतणाऱ्या माणसाचे काय होते, हे बहुतांशी साहेबावर अवलंबून असते. परतीची घडी नीट बसवायची तर पहिले काही आठवडे कमी तास, रात्रपाळी नाही, एकाच माणसाकडे कामाचा हिशेब आणि ठरावीक दिवशी चौकशी एवढे पुरेसे ठरते. सहकाऱ्यांना किती सांगायचे हे परतणाऱ्याने ठरवायचे. औषध चालू आहे हे कळल्याबरोबर त्याला बिनमहत्त्वाच्या टेबलावर बसवणे ही काळजी नव्हे, शिक्षा आहे.

एवढे सगळे मोठ्या कार्यालयांना लागू पडते. राज्यातील बहुसंख्य माणसे मात्र लहान दुकानांत, वर्कशॉपमध्ये, हॉटेलांत, दवाखान्यांत आणि कंत्राटदारांकडे काम करतात. तिथे एचआर नसते, हेल्पलाइन नसते, आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तोच मालक असतो. घरपोच माल पोचवणाऱ्या तरुणांच्या बाबतीत तर मालकाचा चेहराही दिसत नाही. काम देणारे, रेटिंग कमी करणारे आणि खाते बंद करणारे अ‍ॅपच असते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ही अडचण ओळखली होती. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेतील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, म्हणजे मालकाच्या दाराबाहेर तक्रारीची एक जागा कायद्याने ठेवलेली आहे. मानसिक छळ, अमर्याद तास आणि अपमान यांसाठी तशी जागा अजून नाही. कामगार आयुक्तालयाकडे तासांची आणि पगाराची तक्रार नेता येते, पण दुकाने कायदा दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना पूर्णपणे लागू नव्हता, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या बदलांत ही संख्या वीसपर्यंत नेली आहे.